वाफसा आणि कब कॅडेट १२४ : सव्वादोन गुंठ्यांच्या भाजीबागेचं एक प्रकरण

आमच्या घरामागे ६० फूट लांब आणि ४० फूट रुंद तुकडा आहे. आपल्या हिशेबात सव्वादोन गुंठे. गाव मध्य इलिनॉयमधलं, चारी बाजूंना मका आणि सोयाबीन. इथल्या हिरवळीत पहिलं फावडं मारलं तेव्हा खालून निघालेली माती बघून मी तिथेच उकिडवा बसलो. कराडजवळच्या आमच्या मळ्यातल्या मातीइतकी काळी. इलिनॉयने ‘ड्रमर’ नावाची माती आपली राज्यमाती म्हणून जाहीर केली आहे, ती हीच.

काळी असली तरी आपल्या काळीची ही सख्खी बहीण नव्हे. आपली काळी बेसाल्ट खडकातून आलेली, उन्हाळ्यात भेगाळणारी. इथली माती वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक धुळीची आहे, आणि तिला हा रंग दिलाय हजारो वर्षं वाढलेल्या प्रेअरी गवताच्या मुळांनी. सखल भाग, पाण्याचा निचरा सावकाश. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या टाकल्या तेव्हा कुठे ही जमीन लागवडीला आली. माझ्या परसात तशी नळी नाही. पुढे जे घडलं त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे.

मेथी, भेंडी, वांगी, गवार, मिरची, दुधी असं सगळं लावायचं होतं. सव्वादोन गुंठे कुदळीने खणणं नोकरी सांभाळून शक्य नव्हतं. तीन मैलांवर राहणाऱ्या एका निवृत्त शेतकऱ्याच्या गोठ्यात पिवळा-पांढरा, छोटेखानी ट्रॅक्टर होता. मागे साधारण तीन फूट रुंदीचा रोटाव्हेटर. कब कॅडेट, मॉडेल १२४. तो मी घेतला.

कब कॅडेट हा इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा बागेचा ट्रॅक्टर. पहिला आला १९६१ साली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन माणसं शहराबाहेर एक-दोन एकर घेऊन राहू लागली, त्यांना शेतातला ट्रॅक्टर मोठा आणि हातातलं यंत्र अपुरं पडे. त्या गरजेतून हे छोटे ट्रॅक्टर आले. जॉन डिअरचा ११० आला १९६३ मध्ये, व्हील हॉर्स आणि सिम्प्लिसिटी होतेच. १२४ हे मॉडेल १९६७ ते १९६९ या काळातलं. त्यात १२ अश्वशक्तीचं कोहलरचं एक सिलिंडरचं इंजिन, बिडाच्या ठोकळ्याचं, हवेने थंड होणारं. तीन पुढचे गिअर, एक मागचा. १९८१ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरने हा सगळा कारभार विकला, पण जुने पिवळे-पांढरे ट्रॅक्टर अजून कामात आहेत आणि सुटे भाग मिळतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण मला ती वारंवार विचारली जाते. आज दुकानात मिळणारा गवत कापायचा ट्रॅक्टर दिसायला असाच असतो. त्याला नांगर किंवा ओढायचं जड अवजार लावू नका. त्याची मागची गिअरपेटी गवत कापण्यापुरती बनवलेली असते, माती ओढायला लावली की काही तासांत तिचा जीव जातो. १२४ ची मागची गिअरपेटी बिडाची आहे आणि तिची घडण याच कंपनीच्या शेतात चालणाऱ्या ‘फार्मऑल कब’वरून घेतलेली आहे. फरक तिथे आहे, रंगात आणि आकारात नाही.

पहिला वसंत

एप्रिलचा तिसरा शनिवार. बुधवारपर्यंत पाऊस झाला होता, शुक्रवारी छान ऊन पडलं. वरची माती सुकून फिकी दिसत होती. मी ट्रॅक्टर काढला. खणण्याआधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या वायरी आणि गॅसच्या नळ्यांवर खुणा करून घेतल्या होत्या. ही सेवा फुकट आहे आणि ती घेतल्याशिवाय कुणीही परसात अवजार घालू नये.

पहिल्या गिअरमध्ये निघालो. हिरवळीच्या मुळांच्या जाळ्यावर रोटाव्हेटर आधी नुसता उड्या मारत होता. पाती रुतायची, ट्रॅक्टरला पुढे ढकलायची, पुन्हा वर यायची. चार-पाच फेऱ्या मारल्यावर खाली उतरला. दुपारपर्यंत सगळा तुकडा काळा झाला होता आणि मला फार आनंद झाला होता. बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, “अहो, बुटाला केवढी माती चिकटलीय बघा.” मी बूट काठीने खरवडले आणि परत ट्रॅक्टरवर बसलो.

त्या बुटांकडे मी नीट बघायला हवं होतं.

मे महिन्यात त्या रानात मुठीएवढी आणि काही ठिकाणी नारळाएवढी ढेकळं होती. मेथी पेरली, एक तृतीयांशसुद्धा उगवली नाही. ढेकळांच्या मधल्या पोकळीत बी पडलं आणि वाळून गेलं. भेंडी उगवली पण जूनमध्ये एक जोराचा पाऊस झाला आणि पाणी तीन दिवस साचून राहिलं. वरून सहा इंचांवर माती घट्ट झाली होती, पाणी खाली जायला वाटच नव्हती. जुलैत मी ढेकळं हातोडीने फोडत होतो.

दोन चुका, एकच लक्षण

ढेकळं पडली हे लक्षण. कारण शोधायला मला वर्ष लागलं, कारण कारणं दोन होती आणि दोन्ही एकाच वेळी लागू झाली होती.

पहिलं कारण वेगाचं. साठ फुटांची ओळ पहिल्या गिअरमध्ये हा ट्रॅक्टर २० सेकंदांत पार करतो, म्हणजे सेकंदाला ३ फूट, ताशी साधारण सव्वातीन किलोमीटर. माणूस रमतगमत चालतो तेवढा हा वेग. ऐकायला कमी वाटतो, पण रोटाव्हेटरसाठी तो फार आहे. पाती ठरावीक वेगाने फिरतात. त्यांच्या एका फेऱ्यात ट्रॅक्टर जितका पुढे सरकेल तितका मोठा घास प्रत्येक पातं घेतं. मोठा घास म्हणजे मोठं ढेकूळ. मग अॅक्सिलरेटर कमी करावा का? नाही, कारण त्याच इंजिनावर पाती फिरतात. ट्रॅक्टर हळू झाला की पातीही हळू होतात, घास तेवढाच राहतो. वर हवेने थंड होणारं इंजिन कमी फेऱ्यांवर जड काम करताना तापतं, ते वेगळंच. पातीचा वेग तसाच ठेवून फक्त चाकं सावकाश फिरायला हवीत, आणि त्याला गिअरच लागतो.

दुसरं कारण ओलीचं. ते मला त्या निवृत्त शेतकऱ्याने दाखवलं. ट्रॅक्टर कसा चाललाय हे बघायला तो ऑगस्टमध्ये आला. त्याने दोन ढेकळं उचलली आणि दोन्ही माझ्यासमोर फोडली. एक आतून खडबडीत होतं, बोटाने चुरडलं गेलं, आत मुळांचे धागे दिसत होते. दुसरं फुटायलाच तयार नव्हतं. त्याची एक बाजू गुळगुळीत आणि चकाकणारी होती, कुंभाराने ओल्या मातीवरून अंगठा फिरवावा तशी. तो म्हणाला, हे पहिलं तुझ्या घाईने झालंय आणि हे दुसरं तुझ्या पावसाने. मग बागेच्या कडेची, कधी न नांगरलेली माती चार इंचांवरून उकरून हातात घेतली, मुठीत दाबली, गोळा केला आणि त्याला अंगठ्याने टोचलं. गोळा भुसभुशीत होऊन पडला. असा पडला तर काम कर, म्हणाला. नुसता दबला आणि अंगठ्याचा ठसा राहिला तर घरी जा.

मला तिथे उभ्या उभ्या लाज वाटली, कारण या गोष्टीला आपल्याकडे शब्द आहे आणि तो मी लहानपणापासून ऐकत आलोय. वाफसा. मृगाचा पाऊस झाला की आमचे आबा दोन-तीन दिवस बांधावर नुसते येरझारा घालायचे. बैल गोठ्यात, पाभर तयार, बी भिजवलेलं, आणि तरी “वाफसा नाही अजून” म्हणून थांबायचे. मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणीही असावं आणि हवाही असावी, अशी ती स्थिती. पाणी जास्त असलं की चिकणमातीचे पापुद्रे एकमेकांवर घसरतात आणि दाबले गेले की चिकटून बसतात. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, चाकांवरची वजनं आणि मी, सगळं मिळून अर्ध्या टनाच्या घरात जातं. शिवाय पाती ज्या खोलीवर फिरतात तिथली ओली माती खालून लिंपल्यासारखी होते. सहा इंचांवरचा तो घट्ट थर असा मीच तयार केला होता. बैल ओल्या रानात रुततो, म्हणून शेतकरी थांबतो. १२ घोड्यांचं इंजिन रुतत नाही, ते ओल्या मातीतून खुशाल निघून जातं.

काय बदललं

आधी वेग. या मॉडेलसाठी कंपनी तेव्हा जादा पैसे घेऊन एक अतिमंद गिअर देत असे. इंजिनाकडून मागे येणारा शाफ्ट जिथे गिअरपेटीत शिरतो तिथे तो बसतो आणि चाकांचा वेग चौथाईवर आणतो. एका भंगार ट्रॅक्टरवरून काढलेला मला मिळाला. बसवायला दोन रविवार गेले, कारण मागची पेटी उघडावी लागली. उघडली तेव्हा आतलं तेल दुधासारखं पांढरट होतं, म्हणजे पाणी शिरलं होतं. ते काढून इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टरना चालणारं हाय-ट्रान तेल भरलं. जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याने हे तेल पहिल्याच दिवशी बघावं.

आता तीच साठ फुटांची ओळ ८० सेकंदांत होते. तेरा-चौदा ओळी, वळणं धरून पाऊण तास. वेळ चौपट लागला हे खरं, पण पूर्वी चार-चार फेऱ्या माराव्या लागत, आता एक पुरते. रोटाव्हेटर उड्या मारत नाही. मागे वळून पाहिलं तर रवाळ माती पडताना दिसते.

मग नांगरट. हिरवळ मोडायला रोटाव्हेटर वापरणं हीच चूक होती. दुसऱ्या वर्षी बाग वाढवताना ब्रिन्ली कंपनीचा दहा इंची पलटी नांगर लावला. ही कंपनी १८३९ पासून नांगर बनवत आलेली आहे, आणि या छोट्या ट्रॅक्टरना लागणारे त्यांचे जुने नांगर इथे सहज मिळतात. नांगरताना उजवी चाकं आधीच्या तासात, म्हणजे नांगराने पाडलेल्या चरात, चालतात, त्यामुळे ट्रॅक्टर एका अंगाला कलतो. त्या हिशेबाने नांगर जोडावा लागतो, नाहीतर फाळ तिरका जातो आणि माती अर्धीच उलटते. पहिला तास घालताना हे कळत नाही, कारण तेव्हा दोन्ही चाकं वरच असतात. मागच्या चाकांना साखळ्या आणि वजनं लावल्याशिवाय ओलसर गवतावर चाकं जागेवर गरगरतात. हे सगळं जुळल्यावर जे दिसतं ते मात्र बघत राहावं असं असतं. फाळावरून मातीची अखंड पट्टी वर चढते, वळते आणि गवत खाली घालून पडते.

ही नांगरट मी नोव्हेंबरात केली. आपल्याकडे मे महिन्यात नांगरून रान तापायला टाकतात आणि ढेकळं पहिल्या पावसात विरघळतात. इथे तेच काम थंडी करते. ढेकळातलं पाणी गोठतं, फुगतं, वितळतं, परत गोठतं. असं पूर्ण हिवाळाभर चालल्यावर मार्चअखेर हातात घेतलेलं ढेकूळ आपोआप सुटतं. शिवाय उघडी, उंचसखल नांगरट हिरवळीपेक्षा लवकर वाळते, म्हणून वाफसाही काही दिवस आधी येतो. एप्रिलमध्ये मग तीन-चार इंच खोल एकच हलकी फेरी पुरते.

तिसरी अडचण यंत्रात नव्हती. माझी सुट्टी शनिवारी आणि रविवारी. वाफसा मंगळवारी येतो आणि गुरुवारी पाऊस पडतो. एप्रिल-मे महिन्यांत इथे अशी खिडकी कधी दोन दिवसांची असते, कधी एका संध्याकाळची. मी आता वसंतात दोन दिवसांची रजा मोकळी ठेवतो आणि रोज कामावरून आल्यावर बागेत तीन ठिकाणी चार इंचांवरून माती उकरून गोळा करून बघतो. वरचा थर बघून काही कळत नाही, तो उन्हात फसवतो. गेल्या वर्षी बुधवारी संध्याकाळी साडेसहाला गोळा फुटला. जेवण तसंच ठेवून पाऊण तासात तुकडा उरकला. रात्री पाऊस आला आणि पुढचे अकरा दिवस जमीन ओली राहिली. त्या वर्षी मेथी जवळजवळ सगळी उगवली.

इंजिन आणि जीव

दुसऱ्या उन्हाळ्यात इंजिन अर्ध्या तासाने दम टाकू लागलं. कार्ब्युरेटर साफ केला, फरक नाही. शेवटी सिलिंडरवरचं पत्र्याचं आवरण उतरवलं. आत उंदराचं घरटं होतं, सुकं गवत, मक्याची सालं आणि माझ्याच एका हातमोज्याचा कापूस. थंड करणारी हवा सिलिंडरवरच्या पट्ट्यांच्या फटींपर्यंत पोचतच नव्हती. तेव्हापासून दर वसंतात आवरण उतरवल्याशिवाय इंजिन चालू करत नाही.

या इंजिनात तेलाचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या टोकाची पळी तेलात बुडून ते उडवते, तेवढंच वंगण. तेल कमी असेल तर रॉड तुटून ठोकळ्याला भोक पाडतो, आणि ते दुरुस्त होत नाही. म्हणून प्रत्येक वेळी, अगदी सकाळी बघितलं असलं तरी दुपारी परत, काडी काढून तेल बघायचं. ठिणगीचे पॉइंट असतात, त्यांची फट ०.०२० इंच. सुरू व्हायला कुरकुर करू लागला की दहापैकी आठ वेळा हेच पॉइंट काळे पडलेले असतात.

आणि सुरक्षितता. १९६० च्या दशकातल्या या ट्रॅक्टरला सीटखालचा स्विच नाही. माणूस पडला तरी इंजिन चालू, पाती चालू. पट्टा पुढच्या पीटीओवरून (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या कप्पीवरून) निघून पोटाखालून मागे जातो आणि त्याला झाकण अपुरं आहे. मला दोन लहान मुली आहेत. मी सीटखाली साधा दाबाचा स्विच बसवला आणि इग्निशन कॉइलला जाणारी वायर त्यातून घेतली. सीटवरून उठलो की ठिणगी बंद, इंजिन बंद. खर्च किरकोळ, काम एका संध्याकाळचं. जुन्याला जुनंच ठेवावं असं मानणारी मंडळी असतात, त्यांचं प्रेम मला समजतं. पण ज्या घरात मुलं आहेत तिथे हा स्विच बसवल्याशिवाय रोटाव्हेटर लावू नये.

कोळपणी

ओळींमधलं तण काढायलाही ट्रॅक्टरच वापरीन, असं मनात होतं. एक उन्हाळा प्रयत्न केला आणि सोडून दिलं. त्यासाठी ओळी चाकांच्या मापाने लांब लांब ठेवाव्या लागतात आणि दोन्ही टोकांना वळायला दहा-बारा फूट मोकळे सोडावे लागतात. सव्वादोन गुंठ्यांत एवढी जागा चाकांना द्यायची म्हणजे भाजी कशात लावणार? शिवाय भेंडी हातभर झाली की ट्रॅक्टरच्या पोटाला लागते. आता कोळपणीला एका चाकाचं हातकोळपं आहे, आपल्याकडे जुन्या सायकलचं चाक लावून करतात त्याच जातीचं. ओळी दीड फुटांवर आल्या. अर्ध्या बागेत ओळींमध्ये गव्हाचा पेंढा अंथरतो, तिथे कोळपणीही लागत नाही, आणि पेंढ्याखाली गांडुळं दिसू लागली आहेत. वारंवार रोटाव्हेटर मारून माती पीठ झाली की पहिल्याच पावसात तिच्यावर पापुद्रा धरतो आणि बी खालीच कोंडतं, हेही मी पाहिलंय. म्हणून हिरवळ मोडायचं वर्ष सोडलं तर वर्षात एक नांगरट किंवा एक फेरी. दोन्ही नाहीत.

एक प्रश्न सुटलेला नाही. वायव्येचा कोपरा, साधारण पंधरा फूट बाय दहा. घराच्या छपराचं आणि शेजारच्या उताराचं पाणी तिथे येतं. बाकी तुकडा वाफशावर आला तरी तिथला गोळा अंगठ्याने दबतो. निचऱ्याची नळी टाकायला जागा आहे, पण पाणी सोडायला नाही, ते शेजाऱ्याच्या अंगणात जाईल. आता तिथे ट्रॅक्टर नेत नाही, त्याच्या अलीकडूनच वळतो. हाताने खड्डे करून अळू लावलं आहे. जूनमध्ये लावलेल्या कंदांची झाडं ऑगस्टमध्ये कमरेइतकी होतात, पानं सुपाएवढी. ऑक्टोबरात पहिल्या कडाक्याच्या थंडीआधी कंद काढून तळघरात भुशात ठेवतो.